कवीच्या घरातली ट्रंक: पत्रे आणि कागद उघडण्यापासून संस्थेकडे सोपवण्यापर्यंत

कवीने लिहिलेली पत्रे कवीच्या घरी नसतात. ज्यांना लिहिली, त्यांच्या घरी असतात. कवीच्या ट्रंकेत निघतात ती दुसऱ्यांनी त्याला लिहिलेली पत्रे: संपादकांची, मित्रांची, मेहुण्याची, हातउसने पैसे दिलेल्या माणसाची, मुलीच्या सासरची. हे आधी ध्यानात घेतले नाही तर घरची माणसे ट्रंक उपसतात, "यात आजोबांच्या हातचे काहीच नाही" म्हणून हिरमुसतात आणि उरलेले रद्दीवाल्याकडे जाते. त्या रद्दीतच कवीच्या अर्ध्या संभाषणाचा पुरावा असतो. उरलेले अर्धे गावोगावच्या इतर ट्रंकांमध्ये असते.

केशवसुत १९०५ साली हुबळीला वारले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडले, तेव्हा त्यांचाही नव्हता. दोघांची कविता पुस्तकरूपाने हाती आली ती मागे राहिलेल्यांनी मासिके, वह्या आणि मित्रांचे कागद धुंडाळले म्हणून. केशवसुतांचा संग्रह हरि नारायण आपट्यांनी काढला. आपल्या घरात एखाद्या कवीचे, त्याच्या बायकोचे, भावाचे किंवा त्याच्या मित्रमंडळातल्या कुणाचे कागद असतील, तर हे काम आज आपल्याकडे आले आहे. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. कोरडे हात, शिसपेन्सिल, वही आणि घाई न करण्याचा निश्चय इतके पुरते.

आधी काहीच लावू नका

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दुपारी होते. कुणीतरी उत्साहाने सगळे कागद सतरंजीवर पसरतो आणि तारखेप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे ढीग करू लागतो. त्या क्षणी एक माहिती कायमची पुसली जाते: कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता. कवीने स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात संपादकाचे पत्र, त्यासोबत साभार परत आलेली कविता आणि त्याच कवितेचा दुरुस्त खर्डा असे एकत्र असू शकतात. तिन्हीवर तारीख नसली तरी ते एकत्र होते म्हणून त्यांचा संबंध कळतो. वेगळे केले की तीन अनाथ कागद उरतात.

म्हणून आधी फोटो काढा. ट्रंक बंद असताना, झाकण उघडल्यावर, वरचा थर, मग प्रत्येक गठ्ठा जसा बांधलेला आहे तसा. ट्रंक कुठे होती, कुणी जपली, मध्ये कुठल्या घरी गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. शक्य असेल तर फोनवर त्यांचा आवाज मुद्रित करा. ट्रंकेचा प्रवास सांगू शकणारे माणूस बहुतेक घरांत एकच असते आणि त्याचे वय झालेले असते.

मग पेटीला, पेटीतल्या गठ्ठ्याला आणि गठ्ठ्यातल्या कागदाला क्रमांक द्या. पेटी २, गठ्ठा ५, कागद १४ असा साधा क्रमांक पुरे. पाठीमागे खालच्या कोपऱ्यात हलक्या हाताने शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन, स्केचपेन, चिकट चिठ्ठ्या किंवा रबरी शिक्का यांतले काहीही नको. पाकीट आणि पत्र यांना एकच क्रमांक देऊन पुढे अ, आ लावा. पाकिटे फेकू नका, तिकिटे कापून कुणा छांदिष्ट भाच्याला देऊ नका. पत्राची तारीख पुष्कळदा पाकिटावरच असते.

काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निर्णय या टप्प्यावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. किराण्याची यादी, दूधवाल्याचा हिशोब, लग्नपत्रिका, मनीऑर्डरची पावती, शाळेच्या फीची पावती, औषधाची चिठ्ठी: सगळे राहू द्या. कवी कुठल्या वर्षी कुठल्या गावी राहत होता, मानधन किती मिळाले, कधी आजारी होता, हे असल्याच कागदांतून निश्चित होते. यादीच्या किंवा पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीत ओळी खरडलेल्या निघाल्या तर तो कवितेचा पहिला खर्डा असू शकतो.

झाडणे, पुसणे आणि पावसाळा

ओला फडका कागदाला कधीही लावायचा नाही. जुन्या काजळाच्या शाईचा रंग टिकाऊ, पण पाण्याने ती पसरते. हिराकस आणि मायफळाची शाई वर्षानुवर्षे कागद खात जाते, इतकी की अक्षरांच्या जागी भोके पडतात. जांभळट अक्षर दिसले तर ते बहुधा कॉपिंग पेन्सिलीचे असते आणि ओलाव्याने ते जांभळ्या डागासारखे पसरते. फाउंटन पेनच्या निळ्या शाईचेही तेच. धूळ मऊ, रुंद, कोरड्या ब्रशने आतून बाहेर झाडावी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हातमोज्यांपेक्षा हेच बरे, कारण मोज्यातून जीर्ण कागदाची कड जाणवत नाही आणि तो फाटतो. मोजे फोटोंसाठी ठेवा.

टाचण्या, स्टेपल, यू-पिना हळूच काढा. गंजून चिकटल्या असतील तर ओढू नका, टोके उलगडून सैल करा. रबरबँड काढून टाका आणि गठ्ठा सुती नाडीने सैलसर बांधा. सेलोटेप आधीच लावलेली असेल तर ती सोडवण्याच्या फंदात पडू नका, नवी तर मुळीच लावू नका. आणि लॅमिनेशन करू नका. कागद कायमचा टिकेल या समजुतीने लोक आजोबांचे हस्तलिखित दुकानात नेऊन गरम प्लॅस्टिकमध्ये बंद करतात. त्यानंतर ते कुठल्याही तज्ज्ञाला सहज सोडवता येत नाही आणि आतला आम्लांश आतच राहतो.

वर्तमानपत्राची कात्रणे पत्रांपासून वेगळी करा. त्यांचा कागद आम्लधर्मी असतो आणि शेजारच्या पत्रावर पिवळा चौकोन उमटवतो. वेगळी करताना मूळ जागी एक चिठ्ठी ठेवा: "इथे कात्रण होते, आता पेटी ३ मध्ये." पत्रांसाठी आम्लमुक्त कागदाची पाकिटे मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर स्वच्छ, न रंगवलेला सुती हातकागद घ्या. स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घामेजतो आणि शाई प्लॅस्टिकला चिकटते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. पेट्या जमिनीपासून वीतभर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. माळा, जिन्याखालची जागा, न्हाणीघराला लागून असलेले कपाट टाळा. लाकडी फळीला वाळवी लागते म्हणून लोखंडी मांडणी बरी. जुन्या दप्तरखान्यांत कागद सुती रुमालात बांधून ठेवायची पद्धत होती, ती आजही चांगली आहे, कारण कापड हवा खेळू देते आणि धूळ अडवते. फक्त रुमाल रंग न जाणारा, धुऊन वाळवलेला असावा. कसर, झुरळे आणि वाळवीसाठी दर महिन्याला पेटी उघडून पाहणे हा खात्रीचा उपाय. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. बुरशी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा, सावलीत वाऱ्यावर सुकवा, आणि पूर्ण सुकल्यावरच नाकातोंडावर मास्क बांधून घराबाहेर झाडा. उन्हात वाळवू नका, शाई विटते.

यादी

यादी म्हणजे पूर्ण वाचन नव्हे. एका पत्राला दोन-तीन मिनिटे द्या आणि पुढे जा. वाचत बसलात तर पहिला गठ्ठाही संपणार नाही आणि सहा महिन्यांनी काम बाजूला पडेल. संगणकावरच्या तक्त्यात इतके रकाने करा: क्रमांक, कुणी लिहिले, कुणाला, कुठून, कुठे, तारीख, तारीख कशावरून ठरवली, पाने किती, लिपी, अवस्था, आणि दोन ओळींचा आशय. नमुना म्हणून आशयाचा रकाना असा: "मासिकाच्या संपादकाकडून. दोन कविता परत, तिसरीतले शेवटचे कडवे बदलण्याची सूचना. पाकिटामागे पेन्सिलीत चार ओळी, हस्ताक्षर वेगळे." एवढ्यावरून अभ्यासकाला हे पत्र मागवावे की नाही हे कळते.

"तारीख कशावरून ठरवली" हा रकाना गाळू नका. पत्रावर लिहिलेली तारीख, टपाल शिक्क्यावरची तारीख आणि आपण अंदाजाने लावलेली तारीख यांचे वजन सारखे नाही. अंदाज चौकटी कंसात घाला. अंदाज कुणी केला तेही लिहा.

तारीख कशी लावायची

या कामात मला सर्वांत रस आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

जुन्या मराठी पत्रांत इसवी सन नसतो हे नेहमीचेच. "श्रावण वद्य ५ शके १८२७" असे असेल तर चैत्र ते साधारण मार्गशीर्षापर्यंत शकात ७८ मिळवा: १९०५. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८२७ म्हणजे १९०६ चा जानेवारी-फेब्रुवारी. इथली गफलत केल्यामुळे पत्र आणि त्याचे उत्तर यांचा क्रम उलटा लागतो. आपले महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, आहेत हेही इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनकडून आलेल्या पत्रांबाबत लक्षात ठेवा. तिकडचा माणूस पूर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा, महिना लिहीत असेल तर वद्य पक्षाचे महिन्याचे नाव एक महिना पुढचे असते.

शक नाही, पण "सोमवार, वद्य ७" एवढे आहे? तेही पुरते. एखादी तिथी ठरावीक वारी येणे दरवर्षी घडत नाही. महिना माहीत असेल आणि दहाएक वर्षांचा टप्पा ठाऊक असेल, तर पंचांगात शोधून बहुधा एक-दोनच वर्षे उरतात. जुनी पंचांगे मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, आणि संगणकावर मागच्या शतकांचे पंचांग मांडून देणाऱ्या सोयीही आहेत.

टपालखाते दुसरा साक्षीदार. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झाले, किंमत पाव आणा. आंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० पासूनचे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि "नवे" हा शब्द १९६४ साली गळाला. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ चा. त्याआधी "मुंबई ४", "पुणे २" असे विभाग लिहीत. तिकिटावरचे राजे पाहा: व्हिक्टोरिया, मग सातवा एडवर्ड, १९११ नंतर पाचवा जॉर्ज, १९३७ नंतर सहावा जॉर्ज. ही साक्ष एकाच बाजूची असते, हे विसरू नका. पिनकोड असलेले पत्र १९७२ च्या आधीचे नाही हे पक्के. पण पिनकोड नसलेले पत्र आधीचेच आहे असे म्हणता येत नाही, कारण कित्येकांनी पुढेही वर्षानुवर्षे तो लिहिला नाही. तसेच घरात उरलेली कार्डे वरून जादा तिकीट चिकटवून वापरली जात.

जुन्या कार्डांवर पुष्कळदा दोन शिक्के असतात, टाकल्याच्या गावचा आणि पोचल्याच्या गावचा. दोन्ही वाचा, भिंगाने वाचा. मराठवाड्यातल्या कागदांवर निजामी तिकिटे आणि उर्दू शिक्के असतील. परभणीचे बी. रघुनाथ यांच्यासारखा कवी तर निजामाच्याच राज्यात नोकरीला होता. गोव्याहून आलेल्या पत्रावर पोर्तुगीज तिकीट असेल तर ते डिसेंबर १९६१ च्या आधीचे धरायला हरकत नाही.

लेखनपद्धतीवरून काळ ठरवताना जपून. "नाहीं", "कां", "त्यांत" असे जुने अनुस्वार दिसले की लोक पत्र जुने ठरवतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, पण त्याआधी शिकलेल्या पिढीने शेवटपर्यंत अनुस्वार सोडले नाहीत. अनुस्वार लिहिणाऱ्याचे वय सांगतो, पत्राचे नाही.

मायन्यावरून माणूस ओळखा

सहीच्या जागी नुसते "अण्णा", "तुझी ताई", "मी" असते तेव्हा मायना मदतीला येतो. "ती. स्व." (तीर्थस्वरूप) किंवा "ती. रा. रा." आणि "शि. सा. न. वि. वि." (शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष) म्हणजे लिहिणारा नात्याने लहान. "चि." आणि "अ. उ. आ." (अनेक उत्तम आशीर्वाद) म्हणजे मोठा. "रा. रा." (राजमान्य राजेश्री) आणि "सा. न. वि. वि." हे बरोबरीच्या किंवा बाहेरच्या गृहस्थाला. "वे. शा. सं." (वेदशास्त्रसंपन्न) शास्त्री-भिक्षुकांना. "गं. भा." (गंगाभागीरथी) दिसले की ती बाई त्या वेळी विधवा होती, आणि त्याच बाईला आधीच्या पत्रात "सौ." असेल तर मधल्या काळात काय घडले ते उघड आहे. एकाच व्यक्तीचा मायना "रा. रा." वरून "प्रिय" वर कधी आला हे तारखांसह टिपले तर मैत्री केव्हा घट्ट झाली हेही दिसते.

एक पोकळी मात्र भरून निघत नाही. मृत्यूची बातमी सांगणाऱ्या पत्रावर वर "श्री" नसे, आणि असे पत्र घरात ठेवू नये म्हणून वाचून झाल्यावर फाडून टाकत. त्यामुळे कुटुंबातल्या सर्वांत मोठ्या घटनांची पत्रेच संग्रहात नसतात. मृत्यूची तारीख सांत्वनपर पत्रांवरून, श्राद्धाच्या तिथीवरून किंवा नगरपालिकेच्या नोंदीवरून लावावी लागते. ट्रंकेत महिना-दीड महिन्याची विचित्र शांतता दिसली तर पत्रे हरवली असे लगेच समजू नका.

आता नावांची नोंदवही. कवींचे संग्रह इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी, नारायण मुरलीधर गुप्ते म्हणजे बी, शंकर केशव कानेटकर म्हणजे गिरीश, यशवंत दिनकर पेंढरकर म्हणजे यशवंत, आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे अनिल. बाहेरचा माणूस टोपणनावाने लिहितो, घरचा हाकेच्या नावाने आणि बँक पूर्ण नावाने. यादीत तिन्ही एकाच व्यक्तीखाली यायला हवीत.

स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट काळजीने करा. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले, कुसुमावती देशपांडे माहेरच्या जयवंत. माहेरचे नाव नोंदवले नाही तर लग्नाआधीची सगळी पत्रे कुणा अनोळखी मुलीची ठरतात. आणि "पत्नीची पत्रे, घरगुती" अशी एकच ओळ लिहून संपूर्ण गठ्ठा बंद करण्याची खोड तर पार सोडून द्यायला हवी. लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड टिळक यांचे अपुरे राहिलेले "ख्रिस्तायन" हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांच्या घरी बालकवी राहिले, वाढले. अशा घरात बाईचे पत्र हे वाङ्मयीन कागदपत्र आहे. ज्या घरची बाई लिहिती नव्हती तिथेही नवऱ्याच्या कवितेचे पैसे आले की नाही, पाहुणे किती दिवस राहिले, कुणाशी बोलणे बंद झाले, हे तिच्याच पत्रांत सापडते.

मोडी, नक्कल आणि टंकलेखन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या वडीलधाऱ्यांची पत्रे आणि हिशोब मोडीत असण्याची शक्यता मोठी. वाचता येत नाही म्हणून हा गठ्ठा मागे पडतो. तो वेगळा करू नका, यादीत "मोडी" लिहून त्याच जागी ठेवा आणि जाणकाराला फोटो दाखवा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. घरातल्या एखाद्या तरुणाने शिकून घेतली तर फार चांगले, कारण घरातली नावे त्याला आधीच ठाऊक असतात आणि मोडी वाचताना अर्धी अडचण नावांचीच असते.

नक्कल उतरवताना एकही अक्षर सुधारू नका. जुने अनुस्वार, चुकलेली वेलांटी, खोडलेला शब्द, समासातली भर, सगळे जसेच्या तसे. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात "अवाच्य" लिहा, अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासह. कवितेच्या खर्ड्यात खोडलेली ओळ अंतिम ओळीइतकीच मोलाची, म्हणून ती वगळू नये. टंकन युनिकोडमध्येच करा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छापखान्यांच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराच्या फाइली आज उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. तुमच्या संग्रहात अशा फाइली असतील तर त्यांचे रूपांतर लवकर करून घ्या आणि जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहा.

छायाप्रती

सपाट स्कॅनर असेल तर पत्रांना ४०० डीपीआय, पेन्सिलीतल्या फिकट मजकुराला आणि लहान फोटोंना ६००. नेहमी रंगीत. काळ्या-पांढऱ्या प्रतीत शाईचा फरक, खोडाखोड आणि शिक्का नाहीसा होतो. स्कॅनर नसेल तर चांगला फोन चालतो: उत्तरेच्या खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. कोरी वाटली तरी दुसरी बाजू घ्याच, आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू. घडीवर फाटत आलेला कागद दाबून सपाट करू नका. शिवलेली वही स्कॅनरवर उलटी दाबू नका, उशीवर अर्धी उघडून वरून फोटो घ्या.

मूळ प्रत टिफ स्वरूपात, वापरायची जेपेग किंवा पीडीएफ. फाइलचे नाव म्हणजे तोच क्रमांक. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. छायाप्रती झाल्या म्हणून मूळ कागद नष्ट करायचा विचार मनातही आणू नका. कागदाचा पोत, पाणचिन्ह, घडीच्या खुणा यांतून पुढे कुणाला काय कळेल ते आज ठरवता येत नाही.

दुसऱ्या घरांतली पत्रे

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. यादी पुरी झाली की ज्यांची पत्रे सर्वाधिक आहेत अशा माणसांची नावे वर येतात. त्या प्रत्येकाकडे आपल्या कवीने लिहिलेली उत्तरे गेली होती. त्यांची घरे शोधायची.

पुण्यात १९२३ साली जमलेले कवींचे रविकिरण मंडळ घ्या. माधव जूलियन पुढे कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवू लागले, माडखोलकर नागपुरात "तरुण भारत"चे संपादक झाले, यशवंत बडोद्याचे राजकवी झाले. एकत्र असताना पत्रांची गरज नव्हती. पांगल्यावर ती सुरू होतात, आणि मंडळाचा इतिहास कुणा एकाच्या घरी बसून लिहिता येत नाही तो यामुळे. कथाकार असले तरी जी. ए. कुलकर्णींचे उदाहरणही इथे चपखल आहे. ते धारवाडला राहत, आणि त्यांची पत्रे पुण्या-मुंबईच्या स्नेह्यांनी जपली म्हणूनच खंडरूपाने छापता आली. अनिल आणि कुसुमावतींसारखी, दोन्ही बाजूंची पत्रे एकाच घरात राहिलेली आणि "कुसुमानिल" म्हणून पुस्तकात आलेली जोडी विरळा.

दुसरी जागा म्हणजे नियतकालिकांची दप्तरे. जळगावला नारायण नरसिंह फडणीसांचे "काव्यरत्नावली", पुण्याला आपट्यांची "करमणूक", मुंबईला "मनोरंजन", पुढच्या काळात "सत्यकथा". कवी संपादकाला कवितेबरोबर पत्र पाठवी. असे दप्तर कुणा वारसाकडे वा ग्रंथालयाकडे आहे का, याची चौकशी करा.

वारसांना भेटताना मूळ पत्र मागू नका. छायाप्रत मागा, तिथेच बसून काढा आणि त्यांना त्यांच्या पत्रांचीही एक प्रत द्या. आपल्या ट्रंकेत त्यांच्या आजोबांची पत्रे आहेतच. ती दाखवली की दार उघडते. यादीत या प्रतींसाठी वेगळा विभाग करा आणि मूळ कुणाकडे आहे ते लिहा.

कागद कुणाचा, शब्द कुणाचे

पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा. त्यातल्या मजकुराचा लेखाधिकार (कॉपीराइट) मात्र लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. म्हणजे तुमच्या ट्रंकेतली बहुतेक पत्रे तुमची असूनही ती छापण्याचा हक्क तुमचा नाही.

१९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. इंदिरा संत २००० साली गेल्या, म्हणजे त्यांच्या प्रसिद्ध कवितांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत. अप्रकाशित पत्रांचे गणित वेगळे आहे आणि इथे अनेकजण फसतात: लेखकाच्या हयातीत न छापलेले लेखन मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाले, तर ६० वर्षे त्या प्रसिद्धीपासून मोजतात. कवी जाऊन सत्तर वर्षे झाली म्हणून त्याचे न छापलेले पत्र आपोआप मोकळे होत नाही. कायद्यात एक वाट ठेवलेली आहे. पत्र लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा संस्थेत असेल आणि ज्ञात लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली असतील, तर अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या दृष्टीने त्याची प्रत घेता येते. संस्थेकडे कागद सोपवण्याचे हे एक भक्कम कारण. प्रत्यक्ष पुस्तक काढण्याआधी लेखी परवानग्या आणि वकिलाचा सल्ला घ्याच.

कायद्यापलीकडे माणुसकीचा प्रश्न उरतो. आजार, कर्ज, मोडलेली लग्ने, जातीवरून निघालेले कडवे शब्द, हयात माणसांबद्दलचे शेरे. हे कागद फाडू नका आणि घाईने छापूही नका. सीलबंद पाकिटात घालून "अमुक वर्षापर्यंत उघडू नये" अशी अट लिहा. नावे काळ्या शाईने खोडणे हा गुन्हाच समजा.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठी महत्त्वाचे: साहित्यिक वा ऐतिहासिक मोल असलेले, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा कागदपत्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांची पत्रे सामानात घालून न्यू जर्सीला नेण्याऐवजी छायाप्रती न्या.

सोपवताना

घरात पुढची पिढी हे सांभाळणार नसेल तर संस्था शोधा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचे, पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठान, मालगुंडचे केशवसुत स्मारक, पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय हीही ठिकाणे आहेत. कवी ज्या मुलखातला, तिथली संस्था बहुधा योग्य, कारण कागदांतली गावे आणि माणसे तिथल्यांना कळतात. पण नावावर जाऊ नका. आधी एक साधा वाचक म्हणून जा, एखादे जुने हस्तलिखित मागा आणि ते किती वेळात, कुठल्या अवस्थेत हाती येते ते पाहा. पावसाळ्यात गेलात तर छतही दिसेल.

संग्रह फोडून दोन ठिकाणी देऊ नका. प्रसिद्ध माणसांची पत्रे एका संस्थेला, "घरगुती" दुसरीला, असे केले की दोन्ही निकामी होतात.

देताना सत्कार आणि शालीपेक्षा लेखी करार मागा. त्यात हे हवे: दिलेल्या कागदांची तुमच्या क्रमांकांसह यादी, मालकी दिली की फक्त ठेव म्हणून ठेवले, तुमच्याकडे असलेला लेखाधिकार दिला की राखला, कुठला गठ्ठा कुठल्या वर्षापर्यंत बंद, वाचकाला फोटो घेता येईल की नाही, दुबार प्रती परत मिळतील की नाही, आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाईल. विकता येणार नाही हे स्पष्ट शब्दांत. प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या. मग संस्थेच्या दाखल नोंदवहीत तुमचा संग्रह त्याच दिवशी चढवून घ्या, नोंद क्रमांक लिहून आणा, आणि सहा महिन्यांनी त्या क्रमांकाने एक पत्र वाचनासाठी मागून पाहा.